वाक्याचं शेपूट

३ फेब्रुवारी

प्रिय पेन्सिल,

पाकिटावरचं अक्षर ओळखून दचकला असशील तर आधीच सांगते, कुणी गेलेलं नाही. आपल्या घरात पत्र येतं ते वाईट बातमीचंच, म्हणून.

गेल्या आठवड्यात कोपऱ्यावरचे बेकरीवाले दुकानात आले. भुवयांत पीठ, अंगात ॲप्रन. म्हणाले, जवळचं दिसत नाही. मी त्यांना खुर्चीत बसवलं, अक्षरांचा तक्ता हातात दिला, तर म्हणाले, "हे नको. मला हे वाचता आलं पाहिजे," आणि ॲप्रनच्या खिशातून गुंडाळी केलेलं एक कॉमिक काढलं. साठीचा माणूस. मी एकेक काच बदलत गेले आणि ते त्यातले फुगे मोठ्यांदा वाचत गेले. नंबर बसला तेव्हा शेवटचं पान उघडं होतं आणि कोपऱ्यात तुझी सही होती. तीच, लहानपणापासूनची, टोक मोडलेल्या पेन्सिलीची. माझ्या चुलतभावाचं आहे म्हटल्यावर त्यांनी मला सगळे अंक आणून दिले, परतीच्या बोलीवर. जाता जाता म्हणाले, "भावाला सांगा, फुग्यातलं अक्षर जरा मोठं काढ."

तर मी तुझी 'इको' वाचली, एका रविवारात. देवांच्या राणीनं, हेरानं, शाप दिलेली इको. स्वतःहून एक शब्द बोलता येत नाही, दुसऱ्याच्या वाक्याचं शेपूट तेवढं म्हणता येतं. पुराणातली इको त्या दुःखात झिजून जाते म्हणे. तुझी मात्र राखाडी रेनकोट घालून शहरभर फिरते, आणि ती जे शेपूट उच्चारते ते खरं होतं. तो राक्षस छाती ठोकून विचारतो, "मला अडवणारं इथे कोण आहे?" आणि ती शांतपणे म्हणते, "आहे." तिथे मी मागची दोन पानं उलटून पुन्हा वाचली.

आता विचारायचं ते विचारते. बाबांचं तुला कुणी सांगितलं? दादाने?

गेल्या उन्हाळ्यात त्यांना झटका आला. उजवा हात अजून जड आहे, पाय बरा सुधारला. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. आपण जे बोलू त्याचे शेवटचे एक-दोन शब्द ते परत म्हणतात, बस. "जेवलात का बाबा?" "का बाबा." स्पीच थेरपीच्या बाई म्हणतात, असं होतं, धीर धरा. ज्या माणसाने निम्म्या गावाला गाडी शिकवली, जो शेजारच्या सीटवरून तासभर न थांबता बोलायचा, तो आता माझ्याच वाक्याचं शेपूट धरून बसलाय.

मी रागावलेली नाही. फक्त कळायला हवं. फोन केला असता, पण वरच्या दोन खोल्यांत मी कुठेही बोलले तरी त्यांना ऐकू जातं. त्यांच्यादेखत त्यांच्याबद्दल बोलायची सवय सगळ्यांना लागलीय. मला लावून घ्यायची नाही.

तुझी
ताई


१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्र दोनदा वाचलं आणि त्या दिवशी काम केलं नाही.

मला माहीत नव्हतं गं. दादाला एकदा विचारलं होतं, तो म्हणाला, "बरे आहेत, बोलायला जरा अडतं." जरा अडतं म्हणजे मला वाटलं, एखादं नाव आठवत नसेल. इको सुचली ती आमच्या इमारतीच्या जिन्यात. खालच्या मजल्यावरची बाई नवऱ्याला हाका मारते आणि त्या हाकेचा शेवट वर माझ्यापर्यंत येतो, "…लास का?" आलास का, गेलास का, जेवलास का, काही कळत नाही. तेवढंच. काकांवरून सुचली असती तर आधी त्यांना दाखवायला आणली असती.

मी गाडी शिकताना त्यांचं बोलणं थांबत नव्हतं, पण एक शब्द वाया गेला नाही. दिव्याच्या खांबाला धडकलो तेव्हा म्हणाले, "तुझी चूक नाही, खांबाने बाजूला व्हायला हवं होतं. आता तू चित्रंच काढ." त्यांचंच ऐकलं.

इकोचं म्हणशील तर माझ्या हातात राहिलेली नाही ती. वाचक इतकी पत्रं पाठवतात की संपादकबाईंनी माझ्या टेबलाखाली खोकं ठेवलंय आणि मी त्यावर पाय ठेवून काढतो. वाचकांनी स्वतःचा एक खेळ काढलाय, शेपूटखेळ. इकोला काय हवंय ते मी सांगायचं आणि तिला नेमका तो शब्द मिळेल असं वाक्य त्यांनी राक्षसाच्या तोंडी घालायचं. नदी ओलांडायची आहे, पूल हवाय. एकीने लिहिलं, राक्षस गुरगुरतो, "पलीकडे जायला इथे ना होडी, ना दोर, ना पूल." इको म्हणते, "पूल." झाला पूल. दुसऱ्या एकाने फारच आळशीपणा केला. राक्षस ओरडतो, "पळून जा." इको म्हणते, "पळून जा." आणि राक्षस पळून जातो. ते मी छापलं.

एक निवृत्त प्राध्यापक आहेत, आयुष्यभर ग्रीक शिकवलं. प्रत्येक अंकानंतर चुका कळवतात. अमुक देवाच्या हातात भाला नव्हता, तमुक देवी त्या वयाची नव्हती. बाकीचे वाचक त्यांना 'तळटीप' म्हणतात आणि त्यांना ते आवडतं, पत्राखाली आता तशीच सही करतात.

सगळ्यात मोठं भांडण वेगळंच आहे. शेवटच्या अंकात इकोला स्वतःचा आवाज परत द्यावा की नाही? निम्मे म्हणतात, द्या, बिचारीने फार सोसलं. निम्मे म्हणतात, खबरदार, ती आहे तशीच पूर्ण आहे. माझं अजून ठरलेलं नाही.

काका दिवसभर काय करतात? ते लिही. बारीकसारीकही चालेल.

तुझा
पेन्सिल


२ मार्च

प्रिय पेन्सिल,

बारीकसारीक विचारलंस म्हणून. सकाळी दात घासतात डाव्या हाताने, निम्मी पेस्ट आरशाला. मग मी दुकान उघडायला खाली जाते, ते खिडकीत बसतात. आमच्या गल्लीत बघण्यासारखं काय, समोरची भिंत आणि तिच्यावरची मांजर. दुपारी मी वर येते, जेवतो. संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत चालतो. बेकरीवाले भेटतात, म्हणतात, "कसं काय मास्तर, मजेत?" "मजेत." इतकं छान म्हणतात की ऐकणाऱ्याला काहीच झालेलं नाही असं वाटावं.

तिथेच तर गोची आहे. मागच्या आठवड्यात दादा आणि वहिनी आले होते. दादाचं म्हणणं, बाबांनी त्याच्याकडे राहायला जावं. मोठ्या शहरात, सातव्या मजल्यावर, लिफ्ट आहे, वहिनी घरूनच काम करते. बोलण्यात वाईट काही नाही. जेवताना त्याने विचारलं, "बाबा, तुम्ही आमच्याकडे येणार ना?"

"येणार ना," बाबा म्हणाले.

"तिकडे तुम्हाला बरं वाटेल."

"बरं वाटेल."

दादाने माझ्याकडे असं बघितलं, जणू सहीशिक्का झाला. मे महिन्याअखेर न्यायचं ठरलं. वहिनी तर खोलीला कुठला रंग द्यायचा तेही विचारून गेली. "निळा आवडेल?" "आवडेल."

मी वाद घातला नाही. वाद कशावर घालणार, त्यांनी हो म्हटलंय. पण तुझा पाचवा अंक मी पुन्हा काढला, तो, ज्यात शिकारी म्हणतो, "आता तू मर," आणि इको ओठ मिटून उभी राहते. शेपूट समोर असतं, ती उचलत नाही. तेव्हापासून मी बाबांकडे नीट लक्ष ठेवलं. पेन्सिल, तेही सगळं उचलत नाहीत. शेजारचे आजोबा रोज येऊन म्हणतात, "आता काय, सगळं वरच्याच्या हातात." बाबा गप्प. टीव्हीवरची बाई बडबडते, गप्प. मी "आज फार दमले" म्हटलं तर "दमले" म्हणतात आणि खुर्ची सरकवतात.

मग "बरं वाटेल" हे त्यांनी उचललं की नुसतं तोंडातून निसटलं? मला ठरवता येत नाही. मी त्यांच्याबरोबर जन्मभर राहिले आणि मला ठरवता येत नाही.

ताई


१५ मार्च

प्रिय ताई,

ठरवण्यासारखं काय आहे त्यात? काकांना जायचं नाही. त्या गल्लीतल्या प्रत्येक घरातला एक तरी माणूस त्यांच्या हाताखाली शिकलाय. सातव्या मजल्यावर ते काय करणार? दादाने त्यांच्याकडून हो काढून घेतलंय, मुद्दाम नसेल, पण घेतलंय.

शेपूटखेळ खेळ त्यांच्याशी. वाक्य असं कर की त्यांना नाही म्हणायला शेपूट मिळेल. "दादाकडे जायचं की नाही?" बघ काय म्हणतात.

आणि एक मागणं आहे. हो म्हण किंवा नको म्हण, मला वाईट वाटणार नाही. तू लिहिलेलं जेवणाचं टेबल डोळ्यासमोरून हलत नाही. पुढच्या अंकात देवांचा दरबार आहे. सगळे गोड बोलून इकोच्या तोंडून हो वदवून घेतात आणि मग म्हणतात, बघा, तीच म्हणाली. तसं काढू का? काका नसतील त्यात, घर नसेल, कुणाला ओळख पटणार नाही. तू नको म्हणालीस तर दरबारात नुसती मारामारी ठेवतो, मारामारी मला चांगली जमते.

गेल्या शनिवारी एका पुस्तकाच्या दुकानात वाचकांचा मेळावा झाला. इकोच्या वेशात बऱ्याच जणी आल्या होत्या, दोन इकोही होते, दाढीवाले. एकीने तर दिवसभर नियम मोडला नाही. कॉफी घेताना काउंटरवरचा माणूस म्हणाला, "साखर घालू की नको?" "नको." "छोटा कप की मोठा?" "मोठा." तो तिला म्हणाला, "सगळी गिऱ्हाइकं तुमच्यासारखी हवीत." ती विचारात पडली, मग म्हणाली, "हवीत." तिच्या मैत्रिणीने मागून सांगितलं की तिला साखर लागते.

पेन्सिल


४ एप्रिल

प्रिय पेन्सिल,

काढ. दरबार काढ. फक्त त्या गोड बोलणाऱ्यांत एकाला तरी खरोखर प्रेमळ काढ. दादा वाईट नाही. मारामारी मागच्या अंकात पुष्कळ झाली, बेकरीवालेही तेच म्हणत होते.

तुझ्या खेळात एक खोट आहे. "जायचं की नाही" विचारलं आणि ते "नाही" म्हणाले, तर ते दादाने केलं तेच मी केलं. शेपूट मी निवडलं. तुझ्या त्या मुलीने साखर नको होती म्हणून 'नको' म्हटलं का? नाही, काउंटरवरच्याने नको शेवटी ठेवलं म्हणून म्हटलं.

मग माझं दुकान कामाला आलं. डोळे तपासताना आम्ही विचारतो, ही काच बरी की ही? माणूस खूश करायला म्हणतो, "ही." नेहमी दुसरीच. कारण ती आत्ता बघितली असते. म्हणून काचा उलट क्रमाने घालून पुन्हा विचारायचं. तेव्हाही तीच काच निवडली तर खरं.

तसं बाबांशी केलं. आधी लहान गोष्टींत. "चहा की कॉफी?" "कॉफी." थोड्या वेळाने, "कॉफी की चहा?" गप्प. माझ्याकडे बघतात, गप्प. "चहा की कॉफी?" "कॉफी." पेन्सिल, मी त्या माणसाला जवळपास वर्षभर चहा पाजतेय. त्याने दरवेळी कप संपवला आहे.

मग सुटलेच मी. निळा शर्ट की पांढरा, पांढरा की निळा. खिडकी उघडू की राहू दे. बातम्या की क्रिकेट. काहीवेळा दोन्हीकडून शेपूटच म्हणतात, तेव्हा समजायचं की दमले किंवा त्यांना फरक पडत नाही. पण पुष्कळदा एकीकडे बोलतात आणि दुसरीकडे गप्प. आणि गप्प असताना डोळे चक्क माझ्यावर रोखलेले, समजलं का, असे. शिकाऊ ड्रायव्हरकडे बघायचे तसे.

दादाला फोनवर सांगितलं. आधी म्हणाला, तू त्यांच्या तोंडात शब्द घालतेस. मी म्हटलं, "ते आपण सगळेच घालतो. मी फक्त दोन घालते आणि थांबते." मग म्हणाला, "मी आल्यावर विचार. माझ्यासमोर विचार." मेमध्ये येतोय.

मोठा प्रश्न मी अजून विचारलेला नाही. रोज सकाळी ठरवते आणि कॉफी करते.

ताई


२८ एप्रिल

प्रिय ताई,

तुझ्या काचांनी माझा अंक उलटापालटा केला. दरबार झाला, छापून आला, सोबत पाठवलाय. प्रेमळ देवी काढलीय, चूल सांभाळणारी हेस्तिया. तिच्या डोळ्यांत पाणी आहे आणि तरी तीच सगळ्यात जास्त गैरसमज करून घेते. शेवटच्या पानावर हेरा स्वतः सिंहासनावरून उतरते आणि विचारते, "मुली, तुला तुझा आवाज परत हवा की नको?" इको म्हणते, "नको." अंक समाप्त.

त्यानंतर जे झालं ते बघायला तू हवी होतीस. खोकं एका आठवड्यात भरलं. "ती आहे तशीच पूर्ण" वाल्यांनी जल्लोष केला, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? दुसऱ्या बाजूने लिहिलं, ही फसवणूक आहे, 'नको' शेवटी होतं म्हणून ती म्हणाली, उलटं विचारा. म्हणजे तुझी युक्ती त्यांना आपोआप सुचली. तळटीप यांनी चार पानी पत्रात लिहिलं की हेराने शत्रूला पर्याय दिल्याचं एकही उदाहरण त्यांच्या वाचनात नाही, त्यामुळे प्रश्न मुळातच अवैध आहे. एका जोडप्याचं या पानावरून भांडण झालं आणि दोघांनी वेगवेगळ्या पाकिटांतून एकाच पत्त्यावरून पत्रं पाठवली.

शेवटचा अंक आता एकच उरला. संपादकबाई म्हणतात, आवाज द्या, लोकांना आनंद द्या. मी त्यांना सांगितलं, नाही. माझं ठरलंय. उलट विचारल्यावरही इको आवाज नाकारणार, मान ताठ ठेवून. ज्यांना वाटतं की तिच्यात काहीतरी कमी आहे त्यांच्या तोंडावर. हे मी काकांसाठी काढतोय, ताई. बाई रागावल्यात, पण ऐकतील.

एक पत्र मात्र खोक्यात टाकलेलं नाही. स्टेशनावर चौकशीच्या खिडकीत बसणारी एक बाई आहे, अडखळत बोलते. ती लिहिते, "लोक माझी वाक्यं पूर्ण करतात आणि चुकीची करतात. मी सहाची गाडी म्हणायला जाते, ते सातची समजून निघून जातात. तुमचे वाचक इकोसाठी फार उदार झालेत, ती आहे तशीच छान आहे म्हणतात. मला कुणी आवाज देऊ केला तर मी प्रश्न संपायच्या आत घेईन. तुम्ही काय ते ठरवा, पण तिच्या वतीने अभिमान बाळगू नका. तो स्वस्त पडतो."

ते पत्र टेबलासमोर भिंतीला टाचून ठेवलंय.

काकांना विचारलंस का?

पेन्सिल


१० मे

ताई,

पत्र नाही. दादा येऊन गेला असेल. काका नाही म्हणाले आणि त्यावरून काही झालं का? फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. दोन ओळी टाक.

पे.


१६ मे

प्रिय पेन्सिल,

सगळं ठीक आहे. मला लिहायला वेळ लागला, एवढंच.

दादा आला त्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही तिघं बसलो. टीव्ही बंद केला. दादा म्हणाला, "तू विचार, मी मध्ये बोलणार नाही." मी बाबांच्या समोर स्टूल घेऊन बसले, डोळे तपासताना बसते तशी, गुडघ्याला गुडघा.

"बाबा," मी म्हटलं, "इथेच राहायचं की दादाकडे जायचं?"

"जायचं."

मी मनात म्हटलं, शेपूट आहे. मग उलट केलं. "दादाकडे जायचं की इथेच राहायचं?"

गप्प. माझ्याकडे बघत राहिले, अगदी सरळ. मला वाटलं ऐकू गेलं नसेल. पुन्हा विचारलं, सावकाश. "दादाकडे जायचं, की इथेच राहायचं?" त्यांनी डावा हात उचलून माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि काही बोलले नाहीत. मग मी पुन्हा पहिल्यासारखं विचारलं, आणि प्रश्न संपतो न संपतो तोच, "जायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताजेतवाने असताना परत विचारलं. तेच. नंबर पक्का.

दादा जिंकल्यासारखा वागेल असं वाटलं होतं. तो उठला आणि मोरीत जाऊन कप विसळत बसला, स्वच्छ असलेलेसुद्धा. मी गेले तर म्हणाला, "मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. मी तयारी करून आलो होतो, नाही म्हणाले तर काय बोलायचं त्याची." मग आम्ही दोघं हसलो आणि मग हसलो नाही.

पेन्सिल, मी आणि तू किती खात्रीने बोलत होतो. काकांना जायचं नाही, बाबांना जायचं नाही. मला त्यांनी राहायला हवं होतं. वर कुणीतरी आहे म्हणून मी दुकान वेळेवर बंद करते, भाजी ताजी आणते. ते माझं होतं, त्यांचं नव्हतं. इतकी हुशारी करून मी काचा उलट्यापालट्या केल्या, त्या मला हवा तो नंबर यावा म्हणून. आला तो त्यांचा.

का जायचंय, ते गेल्या रविवारी कळलं. खोली बघायला आम्ही दादाच्या घरी गेलो. निळी भिंत त्यांनी बघितलीच नाही. झटक्याआधी एकदा आले होते, तेव्हाची वाट लक्षात होती, सरळ बाल्कनीत गेले. खाली चार मोठे रस्ते एकत्र येतात, मध्ये गोल, सिग्नल, बस, ट्रक, सायकली, शिकाऊ गाड्यांचा तर सुळसुळाट. जेवायला बोलावलं तरी उठेनात. वहिनीने ताट बाहेर नेऊन दिलं. मांजर आणि भिंत बघून बघून किती कंटाळला होता तो माणूस, आणि मी रोज त्याला त्याच खिडकीत बसवून खाली जात होते.

ताई


२८ मे

प्रिय ताई,

पत्र वाचलं आणि संपादकबाईंकडे गेलो. म्हटलं, शेवटची पानं परत द्या. त्या म्हणाल्या, "आता काय, ती लग्न करतेय का?" मी म्हटलं, नाही, ती आवाज घेतेय.

स्टेशनवरच्या बाई बरोबर होत्या. तो ताठ मानेचा नकार माझा होता, इकोचा नव्हता. काकांसाठी काढतोय म्हणालो आणि काकांना विचारलं नाही.

आता असं काढलंय. हेस्तिया पुढे येते, तीच, प्रेमळ. इकोसमोर खाली बसते, तुझ्यासारखी गुडघ्याला गुडघा लावून, आणि उलट विचारते, "नको की हवा?" दरबार सगळा कान टवकारून. इको म्हणते, "हवा." हेस्तिया पुन्हा विचारते, "हवा की नको?" पूर्ण पानभर इको गप्प, हेरासमोर धाकाने निसटलेलं 'नको' ती आता उचलत नाही. त्या गप्प पानावर मी आठवडा घालवलाय. तुझ्या पत्रातले काकांचे डोळे काढायचे होते, आणि मी ते बघितलेले नाहीत. जमलेत की नाही ते तू सांग.

मग तिला आवाज मिळतो. आणि इथे मी अडकलोय. पहिलं वाक्य काय बोलेल? वाचकांना विचारलं तर खोकं पुन्हा भरलं. कुणी शाप द्यायला सांगतं, कुणी क्षमा. संपादकबाईंना हवंय, "मी आहे." तळटीप यांनी ग्रीकमध्ये बारा ओळी पाठवल्यात, छंदात, आणि खाली लिहिलंय की भाषांतर केल्यास ते पत्रव्यवहार थांबवतील. स्टेशनवरच्या बाईंना मी स्वतः पत्र लिहून विचारलं, तुम्ही काय बोलाल? त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं. तेच घेतलं. काय ते अंकात बघ.

तुझं कसं चाललंय? एकटीचं?

पेन्सिल


२३ जुलै

प्रिय पेन्सिल,

अंक मिळाला. बेकरीवाल्यांना आधी मिळाला होता, दुकानात येऊन उभ्या उभ्या वाचला, आणि शेवटच्या पानावर आल्यावर चष्मा काढून पुसला. सगळा दरबार श्वास रोखून बसलाय, इको तोंड उघडते आणि म्हणते, "थांबा. सांगते." आणि संपलं. ते माझ्यावर उखडले. "सांगते म्हणजे काय सांगते? पुढचा अंक कुठाय?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "असं कुठे असतं? इतकी वर्षं गप्प बसवलं आणि आता आम्हीच थांबायचं?" मग जरा वेळाने म्हणाले, "हं. थांबायला हवंच म्हणा." पाव देताना दिवसभर लोकांना तेच सांगत होते म्हणे. तुझ्या खोक्यात काय काय आलंय ते लिही. आणि तळटीप यांनी चूक काढली की नाही?

डोळे जमलेत. उजवा जरा मोठा झालाय, पण जमलेत.

माझं बरं चाललंय. सुरुवातीला दुकान बंद करून वर जायचे तेव्हा जिन्यातच पाय हळू पडायचे. आता बुधवारी पोहायला जाते. शिकतेय, या वयात. शिकवणारी मुलगी काठावरून ओरडते आणि मला मजा वाटते. रविवारी दादाकडे.

परवाच्या रविवारचं सांगायचंय. दादा आंघोळीला गेला होता. मी आणि वहिनी स्वयंपाकघरात भाजी चिरत होतो, बाबा बाल्कनीत. खाली करकचून ब्रेक लागला, मग हॉर्न. आणि बाल्कनीतून आवाज आला, जाडजूड, जुना, सगळ्या गल्लीने ऐकलेला.

"आरसा बघ, गाढवा."

वहिनीच्या हातातली सुरी तशीच राहिली. मी तिच्याकडे बघितलं, ती माझ्याकडे. आमच्यातलं कुणी काही बोललं नव्हतं. कुणाचंच शेपूट नव्हतं ते.

आम्ही बाहेर गेलो. बाबा कठड्याला डावा हात टेकून खाली बघत होते. एक पांढरी गाडी आडवी उभी होती, तिचा मालक खिडकीतून हात हलवत होता. बाबांनी आमच्याकडे वळून बघितलं, थोडे चिडलेले, थोडे चकित, आपण काय बोललो ते आत्ता ऐकल्यासारखे. मला पुष्कळ बोलायचं होतं. जीभ चावून गप्प राहिले. वहिनीही राहिली, तिचं मला फार कौतुक वाटलं.

दादा ओल्या डोक्याने टॉवेल गुंडाळून आला. "काय झालं? काय म्हणाले?" आम्ही दोघींनी ओठांवर बोट ठेवलं.

स्पीच थेरपीच्या बाईंना कळवलंय. त्या म्हणाल्या, चांगली खूण आहे, पण मागे लागू नका, येईल तेव्हा येईल. तसं झालंही. त्या दिवशी ते पुन्हा काही बोलले नाहीत. पण आम्ही चौघं त्या बाल्कनीत उभे राहिलो, भाजी तशीच टाकून, दादा टॉवेलवरच. खाली सिग्नल लाल झाला, हिरवा झाला, गाड्या शिस्तीत येत होत्या, शिस्तीत जात होत्या. ड्रायव्हिंग मास्तरांची मुलं आम्ही, आणि आम्ही मनापासून वाट बघत होतो की कुणीतरी चुकावं.

तुझी
ताई